विद्यार्थ्याने सामाजिक-राजकीय वादांवर मत मांडावं, की 'आधी शिक, मग बोल' हे ऐकावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही गोव्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, चालू वादांवर काही बोललात की घरचे आणि शिक्षक 'आधी शिक, मग बोल' म्हणतात, तर बोलावं की नाही आणि सुरुवात कुठून करावी.

बोलावं. पण कुठल्या विषयावर बोललात तेव्हा गप्प बसवलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी पैजेवर सांगते, अमेरिकेच्या निवडणुकीवर बोललात म्हणून कुणी डोळे वटारले नसतील. जवळच्याच कशावर तरी बोलला असणार. रस्ता, जमीन, देवळाची कमिटी, भरती, असलं काहीतरी.

मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर फोंडा तालुक्यात. (गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं की माणसं ओळखता येतील.) उच्च माध्यमिकपासून वक्तृत्व स्पर्धा करत आले. मराठीला राजभाषेचा दर्जा मिळावा यावर एकदा बोलले होते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामकाजात वापरापुरती जागा मिळाली, हा अन्याय कसा, वगैरे. त्यात आजवरच्या सगळ्या सरकारांना नावं ठेवली होती. पहिलं बक्षीस मिळालं. आमच्या बाप्पांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, तो व्हिडिओ ओळखीतल्या सगळ्यांना पाठवला. 'आमची पोर' म्हणून. तेव्हा माझं वय किती, शिक्षण किती झालंय, हे कुणालाच आठवलं नाही.

मग आला २०२४ चा ऑगस्ट. आमच्या गावात झरीच्या वरचा डोंगर प्रादेशिक आराखड्यात, म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणाऱ्या सरकारी नकाशात, ऑर्चर्ड (बागायत) होता. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली, म्हणजे आराखड्यातली 'नजरचूक' दुरुस्त करायच्या नावाखाली, त्यातला एक तुकडा सेटलमेंट (वस्तीची, बांधकाम चालणारी जमीन) झाल्याचं राजपत्रात आलं. गोव्यात राहता म्हणजे १७(२) काय चीज आहे हे सांगायला नको. त्या झरीचं पाणी पाटाने खालच्या पंधरा-वीस कुळागरांना, म्हणजे सुपारीच्या बागांना, जातं. मे महिन्यात सुपारी-पोफळी जगतात त्या त्याच्यावर.

ग्रामसभेत मी उभी राहिले. प्रश्न साधा होता. २०२१ च्या प्रादेशिक आराखड्यात २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतार इको-झोन एकमध्ये धरलाय, तिथे बांधकाम चालत नाही. मग या सर्व्हे नंबरातला किती भाग त्यात येतो? उताराचा नकाशा कुणी बघितलाय का? आणि हा बदल मागे घ्या असा ठराव ग्रामसभेने घ्यावा. एवढंच. मागून कुणीतरी 'तुका कितें कळटा?' केलंच. ते मी धरून गेले होते. पण दुसऱ्या रांगेतून बाप्पा उठले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरपंचांना म्हणाले, 'चेडूं शिकता आजून. तिचें मनार घेवं नाकात.' (पोर शिकतेय अजून, तिचं मनावर घेऊ नका.)

म्हणजे माझ्या वतीने माफी मागून मोकळे. सभेत हशा.

मी बसले नाही. सचिवांना म्हटलं, माझा प्रश्न इतिवृत्तात घ्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, सरपंचांकडे बघितलं, टोपण परत लावलं. ती एवढीशी हालचाल मला अजून जशीच्या तशी दिसते. तीन वर्षं घटनात्मक कायदा शिकत होते, ७३ वी घटनादुरुस्ती तोंडपाठ होती, पण पंचायत राज म्हणजे नेमकं काय चालतं ते त्या टोपणाने शिकवलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न कागदावर लिहून पंचायतीत दिला आणि प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. इतिवृत्ताची प्रत मागितली, तर त्यात 'सदर विषयावर ग्रामस्थांनी चर्चा केली' एवढं एक वाक्य.

बाप्पांचं कारण नंतर कळलं. त्या तुकड्याला लागून घराण्याची जी जमीन आहे, त्यात त्यांचा हिस्सा आहे. शेजारचा सेटलमेंट झाला की आपलाही होईल, असा हिशोब. त्याला मी पाप म्हणत नाही. सुपारीवर घर चालवणं सोपं नाही, हे मलाही दिसतं. पण मग सरळ 'माझं नुकसान होतं' म्हणा ना, माझ्या शिक्षणाला मधे कशाला आणता?

त्यानंतर लगेच चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. मूळ घरी सगळे जमलो. बाप्पा शिडीवर चढून माटोळी (गणपतीवर टांगायची रानफळांची चौकट) बांधत होते, खालून पोरं कांगलां, घागऱ्या, नारळांचा घोस हातात देत होती. आणि वरून दरवर्षीची गोष्ट चालू होती, १९७९ च्या हाफ तिकीट आंदोलनाची. बसभाड्यात विद्यार्थ्यांना ५० टक्के सवलत हवी म्हणून गोवाभर पोरं रस्त्यावर उतरली, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री, बाप्पा कॉलेजात, फोंड्याच्या स्टँडवर बस अडवली, पोलिसाची काठी पाठीवर बसली, वळ आठवडाभर होता. सवलत मिळाली, हे खरंच आहे. मी विचारलं, 'बाप्पा, तेव्हा तुमचं शिक्षण झालं होतं?' ते म्हणाले, 'तो विषय वेगळा होता. तो आमचा विषय.' मी म्हटलं, 'मग डोंगर कोणाचा विषय?' आई स्वयंपाकघरातून ओरडली, नेवऱ्या करपतील, आत ये. बाप्पा त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात.

माझं म्हणणं इतकंच. विद्यार्थ्याने राजकारणात पडू नये असं गोव्यात कुणालाच मनापासून वाटत नाही. हाफ तिकीट पोरांनीच मिळवलं. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वे, रस्ता आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० साली पत्रं लिहिणारी, चित्रं काढणारी, १ नोव्हेंबरच्या रात्री चांदरला रेल्वे रुळांवर बसलेली बरीच मंडळी पंचविशीच्या आतली होती. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. तेव्हा याच गावकऱ्यांनी पोरांचं कौतुक केलं, कारण मोले कुठे, आम्ही कुठे. लांबच्या विषयावर बोलणारी पोर हुशार, आणि दारातल्या विषयावर बोलली की उद्धट.

आता सगळ्या विद्यार्थ्यांची मतं बरोबर असतात असंही नाही. सत्तरी तालुक्यात शेळ-मेळावलीला आयआयटी होणार होती तेव्हा मी बारावीत होते. वर्गातले बहुतेक जण म्हणत होते, सत्तरीचं कल्याण होईल, लोक अडाणी म्हणून विरोध करतात. जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांशी झटापट झाली, आणि त्याच महिन्यात सरकारने ती जागा सोडली. अडाणी आमचे वर्गमित्र होते. सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर स्वतःच्या नावावर नाही, हा अल्वारा-मोकासोचा (पोर्तुगीज काळातल्या जमीन-अनुदानांचा) घोळ ज्याला माहीत नाही, त्याने मेळावलीच्या बायकांना विकास शिकवू नये. आणि राजभाषेबद्दल माझंही मत आता त्या भाषणापेक्षा पुढे गेलंय. मराठीला दर्जा मागायचा तर रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीवाल्यांची मागणीही ऐकून घ्यावी लागेल. आपला तो न्याय आणि त्यांचा तो हट्ट, असं चालणार नाही. हे मत मात्र बाप्पांनी कुणाला पाठवलेलं नाही.

सुरुवात कुठून, तर पंचायतीतून. अठरा पूर्ण झाली आणि गावच्या मतदारयादीत नाव आलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, त्याला पदवी लागत नाही. नाव नसेल तर आधी ते घाला. जाताना एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) आणि सर्व्हे प्लान घेऊन जा. मत मांडण्यापेक्षा प्रश्न विचारा, मताला 'तू लहान आहेस' म्हणता येतं, सर्व्हे नंबरला म्हणता येत नाही. जे बोललात ते लेखी द्या, शिक्का घ्या. शिक्षकांचं मी फार मनावर घेणार नाही. त्यातले बरेच कंत्राटावर असतात, त्यांची अडचण समजून घ्या आणि पुढे जा.

हो, आणि हे आधी सांगायला हवं होतं. वडील किंवा आई सरकारी खात्यात कंत्राटी असतील, तर सभेत उभं राहण्याआधी त्यांच्याशी बोला. आपल्याकडे राग मुलीवर निघत नाही, आईच्या नूतनीकरणाच्या फाईलवर निघतो. माझे वडील स्वतःचं दुकान चालवतात, म्हणून मला तोंड वर करून बोलता आलं, हे खोटं कशाला सांगू. रागाच्या भरात रात्री काही टाकू नका, स्क्रीनशॉट राहतात. आणि हजेरी ७५ टक्के सांभाळा, नाहीतर परीक्षेला बसू दिलं नाही की सगळा गाव म्हणायला मोकळा.

१७(२) खालचे २०२३ चे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल केले, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. आमच्या डोंगरावर सध्या काम बंद आहे. ते माझ्या प्रश्नामुळे, असा माझा दावा नाही.

बाप्पा फोनवर अशी उत्तरं रोज रात्री वाचतात, त्यामुळे हेही वाचतील. तर बाप्पा, उताराचा नकाशा मी काढून आणलाय. २५ टक्के कुठून सुरू होतात ते पेन्सिलीने दाखवलंय, आणि तुमचा हिस्सा त्या रेघेच्या खाली आहे की वर, तेही. येत्या चवथीला घेऊन येते, माटोळी बांधून झाली की बघू.