पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसतंय, कॉक्सी असेल का? औषध काय द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला पाथर्डी फाट्याला घरामागे कोंबडीची 14 गावरान पिल्लं, वय 5 आठवडे, पाऊस चालू, खायला कणी आणि मक्याची चुरी. दोन दिवसांत 2 मेली, खुराड्यात रक्ताळलेली विष्ठा दिसते, शेजारचे हळद-लसूण द्या म्हणतात. शिवाय लेक पिल्लांना उचलून घेते, तिला काही होईल का?

वय, पाऊस आणि रक्त, तिन्ही जुळतंय. कॉक्सी, म्हणजे आतड्यातल्या परजीवीमुळे होणारी रक्ती हगवणच आहे असं धरा आणि आजच औषध सुरू करा. मी मखमलाबादला मळ्यात राहतो, गावरान आणि थोड्या गिरिराज जातीच्या कोंबड्या पाळतो. पहिल्याच पावसाळ्यात ‘उद्या बघू’ करत 22 पिल्लांपैकी 9 घालवली.

आधी ओळख. आजारी पिल्लू कोपऱ्यात पिसं फुलवून, पंख खाली सोडून, डोळे मिटून उभं राहतं. जणू अंगावर गोधडी घेऊन बसलंय. तुरा आणि पाय फिके पडतात. दाण्याला तोंड लावत नाही, पाणी मात्र थोडंफार पितं. मागची पिसं रक्ताने चिकटलेली असतात. फक्त एक लक्षात घ्या: धडधाकट कोंबडीही दिवसातून काही वेळा चिकट, चॉकलेटी, भयंकर वासाची विष्ठा टाकते, ती नेहमीचीच. कधी नारिंगी सालपटासारखंही काही पडतं. तेवढ्याने घाबरू नका. ताजं लाल रक्त आणि सोबत मलूल पिल्लू, हे दोन्ही दिसलं तर मग विषय संपला. कोंबड्यांचे दुसरे आजार वेगळे दिसतात: मानमोडीत हगवण हिरवट असते, धाप लागते, मान वाकडी होते. गंबोरोत विष्ठा पांढुरकी, पातळ असते.

शंका असेल तर पुढचं मेलेलं पिल्लू पुरू नका, पिशवीत घालून लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी माझं एक पिल्लू समोर उघडून दाखवलं होतं. आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्या करंगळीएवढ्या फुगून रक्ताने काळ्या झाल्या होत्या. त्यानंतर मला कुणी समजवावं लागलं नाही.

औषध: अँप्रोलियम 20 टक्के पावडर. 1 लिटर पाण्यात 1.2 ग्रॅम, 5 दिवस. नंतर 0.3 ग्रॅमवर आणून आणखी आठवडाभर. पुडीवरची टक्केवारी वेगळी असेल तर हा हिशेब चालणार नाही, डॉक्टरांना विचारा. सव्वा ग्रॅम घरच्या काट्यावर नीट दिसत नाही आणि चमच्याचा अंदाज चुकतो. मी सराफ बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडून पुड्या बांधून घेतल्या. तो अजून भेटला की ‘कोंबड्यांचं सोनं कसंय?’ विचारतो.

पाणी रोज सकाळी नवीन कालवायचं. दुसरं पाणी कुठेच मिळू द्यायचं नाही, पागोळीखालचं डबकंसुद्धा नाही. आणि आजारी-बरी असा भेद करू नका, राहिलेल्या बाराच्या बारांना द्या. परजीवी पोटात गेल्यापासून रक्त दिसेपर्यंत चार-पाच दिवस जातात, म्हणजे आज ठणठणीत दिसणाऱ्यांच्या आतही काम चालू असणार. जे पिल्लू स्वतः पीत नाही त्याला ड्रॉपरने थेंब-थेंब पाजा आणि बल्बच्या उबेला वेगळं ठेवा.

आता माझी खरी चूक. औषधाच्या दुकानातून अँप्रोलियमसोबत ‘अशक्तपणा जाईल’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सची बाटलीही दिली आणि मी दोन्ही एकाच पाण्यात घातलं. अँप्रोलियम दिसायला बी-1 जीवनसत्त्वासारखं असतं, परजीवी त्याला फसतो आणि उपाशी मरतो. आपण वरून खरं बी-1 ओतलं की तो कशाला फसेल? टॉनिक कोर्स संपल्यावर. हळद-लसणाने पिल्लांचं नुकसान होणार नाही, पण त्यावर भरवसा ठेवून दिवस घालवाल तर होईल.

औषधाइतकीच गादी, म्हणजे खुराड्यात अंथरलेलं तूस, महत्त्वाची. विष्ठेतून पडलेली परजीवीची अंडी लगेच बाधत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली तर साधारण एक-दोन दिवसांत ती पक्की होतात, मग पिल्लं टोचत-टोचत तीच गिळतात. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, वेलीवरच्या डाऊनी या बुरशी रोगालाही असंच दमट हवामान लागतं. म्हणून ओलं तूस रोजच्या रोज खरवडून काढा. मूठभर हातात घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ते फेका, विस्कटलं तर ठीक. घोटीकडच्या भातगिरण्यांमधून कोरडं तूस पोत्याने मिळतं. पाण्याचं भांडं विटेवर चढवा, खालचं तूस तिथेच सगळ्यात आधी भिजतं. फिनाईलने ही अंडी मरत नाहीत, मी बादलीभर ओतून पाहिलंय, नुसता वास आला. उकळतं पाणी, मग वाळवणं, ऊन पडलं तर ऊन, आणि जमिनीवर चुना भुरभुरून वर नवीन तूस.

तुम्ही कणी आणि मक्याची चुरी घालता असं लिहिलंय. पिल्लांच्या तयार स्टार्टर खाद्यात बहुधा कॉक्सीविरोधी औषध थोडं मिसळलेलं असतं, कणीत कुठून येणार? पुढच्या खेपेला पहिले दोन महिने स्टार्टर घाला, पोत्यावरची चिठ्ठी वाचून. वाचलेल्या पिल्लांना पुढे बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती येते, म्हणून मोठ्या कोंबड्या त्याच अंगणात हिंडूनही सहसा आजारी दिसत नाहीत. पण त्यांच्या विष्ठेतून परजीवीची अंडी पडत राहतात, तेव्हा पिल्लं त्यांच्यात सोडू नका.

तीन दिवसांत फरक पडला नाही तर मनाने दुसरं औषध घालू नका, 1962 या जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या नंबरला फोन करा किंवा सरकारी दवाखाना गाठा. टोलट्राझुरिल हे कॉक्सीवरचं दुसरं औषध डॉक्टर सांगतील तसं देता येतं, मात्र अंड्यावरच्या कोंबड्यांना ते देत नाहीत.

लेकीचं म्हणाल तर कोंबडीची कॉक्सी माणसाला होत नाही. पण कोंबडीच्या विष्ठेत इतर जंतू असतात, म्हणून पिल्लू खाली ठेवलं की साबणाने हात, आणि तोवर बोट तोंडात नाही. माझ्या पुतणीला हे शिकवायला आख्खा पावसाळा लागला.