वाचकांचे प्रश्न : काळ्या मातीचा प्रयोग

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा नाही. सातवीच्या मुलांकडून विनाखर्च कोणता प्रयोग करून घ्यावा? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, वावरातली काळी माती आणि नाल्यातली रेती पुरेशी आहे. दोन्ही भिजवून डब्याच्या दोन सारख्या झाकणांत काठोकाठ थापावीत, उन्हात ठेवावीत आणि मुलांनी रोज पट्टीने मोजून वहीत नोंद करावी. काळी माती कडेपासून सुटते, तिला भेगा पडतात, रेतीचा थर मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते, वाळली की आकसते. हे कारण आधी सांगू नका. उन्हाळ्यात भेगाळलेले वावर पाहिलेली मुले ते स्वतःच शोधू लागतात. नंतर त्या भेगांत थेंबथेंब पाणी सोडून त्या कशा बुजतात, हेही त्यांना पाहू द्यावे.