मुलगा कार्टून बघून डरकाळ्या फोडतो, टीव्ही बंद करू का?

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, म्हणून एक केस सांगते (ओळख पटू नये म्हणून डिटेल्स बदललेत).

आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. दिवसभर 'द लायन गार्ड' बघतो, ताईच्या अंगावर धावून जातो, वर्गात पण डरकाळ्या, बाईंनी डायरीत लिहून पाठवलेलं. "मॅडम, टीव्हीच बंद करू का?" मी म्हटलं थांबा, आधी त्याला विचारू तरी.

आणि तो जो सुटला ना बोलायला! ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, ही 'द लायन किंग'च्या पुढची सिरीज, 2016 ते 2019 चाललेली. सिंबा राजा झालाय, थोरली कियारा पुढे राणी होणार म्हणून तिची तयारी चाललीय, आणि धाकटा कायन लायन गार्डचा, म्हणजे राज्याची राखण करणाऱ्या टोळीचा म्होरक्या, कारण परंपरेनं ते काम दुसऱ्या पिल्लाचंच. हे सांगून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मी पण दुसराच आहे."

मग घरातलं कळलं. पप्पांचं स्टेशनरीचं दुकान. दर रविवारी ताईला गल्ल्यावर बसवतात, बिल शिकवतात, आल्यागेल्याला सांगतात पुढे हीच बघणार सगळं. यानं कशाला हात लावला की, "तू लहान आहेस, पाडशील." डरकाळी कार्टूनमधून उचलली हे खरंय, पण राग घरचाच होता, आणि टीव्ही बंद केला असता तर त्याच्याकडे तो राग दाखवायला तेवढं पण राहिलं नसतं.

म्हणून टीव्ही ठेवला, फक्त रोज एकच एपिसोड आणि तो पप्पांसोबत. सिंबाचा काका स्कार आधी गार्डचा म्होरक्या होता, त्यानं म्होरक्याला मिळणारी खास गर्जना स्वतःच्याच गार्डवर वापरली म्हणून त्याची पॉवर गेली, हे पोरानंच पप्पांना समजावून सांगितलं. ताईवर ओरडणं त्यानंतर कमी झालं, एकदम नाही, पण झालं.

दुसरं म्हणजे त्याला खरं काम द्यायला लावलं. पेन्सिली, खोडरबर, शार्पनरचा रॅक त्याचा, संपत आलं की त्यानं वहीत लिहायचं. आठवडाभर मस्त चाललं, मग पठ्ठ्यानं गल्लीतले तीन मित्र मदतीला आणले आणि पप्पा भडकले, दुकानात घरचेच पाहिजेत! मी त्यांना पहिला भाग आठवून बघा म्हटलं. कायन गार्डमध्ये हनी बॅजर, चित्ता, पाणघोडा, बगळा घेतो तेव्हा सिंबा पण असाच चिडतो, की गार्डमध्ये आजवर सिंहच होते. ते हसले. मित्र आता रविवारी एक तास येतात, गल्ल्यापासून लांब.

परवा पप्पा एकटेच आले, चेहरा पडलेला. शेवटच्या सीझनमध्ये कायन घरचं राज्य सोडून लांब ट्री ऑफ लाइफला राजा होतो, ते बघून आलेले. "मॅडम, म्हणजे हा पण जाणार का दुकान सोडून?"

मी म्हटलं दादा, तो आठ वर्षांचा आहे, त्याचं नंतर बघू. पण ताईला दुकानात बसायचंय का, हे तिला कधी विचारलंत?

बराच वेळ काही बोललेच नाहीत. शनिवारी तिला घेऊन येतायत.