कोल्हापुरात राहून जगभरातील कारागिरांच्या वस्तू फेअर ट्रेडच्या तत्त्वाने विकता येतील का?

आपण विचारले आहे की, नोकरी सोडून कोल्हापुरात देशोदेशीच्या कारागिरांच्या हस्तनिर्मित भेटवस्तूंचे, फेअर ट्रेडच्या (म्हणजे कारागिराला वाजवी मोबदला आणि न्याय्य वागणूक देणाऱ्या व्यापाराच्या) तत्त्वाने चालणारे दुकान काढण्याचा विचार आहे. ते चालेल का, माल कुठून आणावा आणि ‘फेअर ट्रेड’ म्हणजे कारागिराला नेमके किती जास्त द्यायचे. मी गेली नऊ वर्षे राजारामपुरीत असेच एक लहान दुकान चालवते. आपल्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा मी आधी घेते, कारण उरलेल्या दोहोंची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

किती द्यायचे याइतकेच केव्हा द्यायचे हे महत्त्वाचे आहे, आणि माझ्या अनुभवात तर अधिकच. ही गोष्ट कोल्हापूरकराला वेगळी समजावून सांगावी लागू नये. ऊस कारखान्याला गेल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि तरीही आपल्याकडे हंगामाहंगामाला रस्त्यावर उतरावे लागते ते केवळ दरासाठी नव्हे, तर थकलेल्या बिलांसाठीसुद्धा. उलट दुधाचे बिल ठरल्या दिवशी हातात पडते, म्हणून दोन म्हशींच्या जिवावर घरातल्या बाईला महिन्याचा हिशेब मांडता येतो. हस्तकलेच्या धंद्यात बहुतेक ठिकाणी उसाच्या थकलेल्या बिलाहूनही वाईट रीत आहे. कारागीर कच्चा माल उधारीवर घेतो, पुष्कळदा त्याच व्यापाऱ्याकडून, ज्याला पुढे तयार माल द्यायचा आहे. वस्तू दुकानात ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर ठेवल्या जातात. आणि पैसे हातात येईपर्यंत मजुरीतला मोठा हिस्सा व्याजातच गेलेला असतो. अशा वेळी नगामागे दहा-वीस रुपये वाढवून दिले तरी त्याच्या घरात फारसे काही पोहोचत नाही.

म्हणूनच जागतिक फेअर ट्रेड संघटनेने जी दहा तत्त्वे ठरवली आहेत, त्यांपैकी व्यवहाराच्या रीतीविषयीचे तत्त्व मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हस्तकलेच्या ऑर्डरवर कारागिरांनी मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, आणि कारागिराचा दोष नसताना ऑर्डर रद्द झाली तर तोवर झालेल्या कामाची पुरेशी भरपाई द्यावी, असे त्यात आहे. येथे एक खबरदारी सांगायला हवी. आपल्या भागात आगाऊ रक्कम म्हटले की ऊसतोड मजुराची ‘उचल’ आठवते, आणि ती उचल माणसाला पुढच्या हंगामाला बांधून ठेवते. फेअर ट्रेडमधली आगाऊ रक्कम माणसावर नसते, त्या एका ऑर्डरवर असते. माल पोहोचला, उरलेले पैसे दिले, की दोन्ही बाजू मोकळ्या. पुढची ऑर्डर घ्यायची की नाही हे ठरवण्याचा कारागिराचा अधिकार शाबूत राहिला पाहिजे.

आता वाजवी मजुरी कशी ठरवायची ते सांगते. परदेशी माल मागवण्याआधी आपण सुभाषनगरात जाऊन कोल्हापुरी चपलांचा एक जोड होताना पूर्ण पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे रापीने, म्हणजे चांभाराच्या सुरीने, कापले जाते, तळ ठोकून बसवला जातो, कान आणि अंगठा आरीने भोक पाडून चामड्याच्याच वादीने शिवले जातात, आणि पट्ट्यावरची वेणी बहुधा घरातली बाई घालते. मी पहिल्या वर्षी अशाच एका मावशींच्या शेजारी घड्याळ समोर ठेवून बसले होते. वाद्या इतक्या बारीक कापलेल्या की मला त्या एकमेकींपासून वेगळ्या धरता येत नव्हत्या. मावशी मात्र बोलता बोलता, खाली न पाहता, वेणी पुढे नेत होत्या. एका जोडाच्या वेण्यांना सव्वा तास लागला. त्या कामाचे किती मिळतात असे विचारले, तर त्यांनी उत्तरासाठी यजमानांकडे पाहिले, कारण वेणीची मजुरी जोडाच्या भावात ‘धरलेली’ होती आणि वेगळी अशी कधी कोणी मोजलीच नव्हती. त्या दिवसापासून मी कोणत्याही वस्तूचा भाव ठरवताना आधी विचारते की यात कोणाकोणाचे किती तास आहेत, आणि घरी बसून केलेले काम त्यात मोजले आहे का. घाना असो वा नेपाळ, या प्रश्नाने बरेच काही उघडे होते. मुलांची शाळा बुडवून काम होते का, हेही त्याच ओघात कळते.

ज्या वस्तूच्या नावाला किंमत आहे तिच्या कारागिराला किंमत नसावी, हे दुःख आपल्या शहराला ठाऊक आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालापुरते राखणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे आहेत. पुढे जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला मूळ नावाचा उल्लेख न करता दाखवल्या, आपल्याकडे संताप उसळला, आणि नंतर कंपनीने त्यांमागची प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. तो संताप योग्यच होता. पण परदेशी वस्तू विकणाऱ्याने तो स्वतःलाही लावून घेतला पाहिजे. ‘आफ्रिकन टोपली’ एवढेच लिहून मी एखादी वस्तू विकते, तेव्हा मीही कोणाचे तरी गाव पुसून टाकत असते.

माझ्या दुकानातल्या टोपल्या उत्तर घानातील बोल्गाटांगा भागातून येतात आणि चिठ्ठीवर तसेच लिहिलेले असते. उंच वाढणाऱ्या गवताची पाती चिरून, पीळ देऊन, उकळत्या पाण्यात रंगवून त्या विणतात. त्या इथे येतात तेव्हा पापडासारख्या चपट्या असतात, आणि याला कारण आहे. कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असला तर भाडे त्यावर लावतात. ४० बाय ४० बाय ३५ सेंटिमीटरची, जेमतेम किलोभराची फुगीर टोपली अशा हिशेबात ११ किलोंहून जास्त भरते. म्हणून टोपल्या दाबून, एकीत एक घालून पाठवतात. पहिली खेप उघडली तेव्हा माल वाया गेला या कल्पनेने माझे हातपाय गळाले होते. नंतर सूचना वाचून एक टोपली अंगणात पाण्याच्या पिंपात बुडवली; थोड्या वेळात गवत मऊ झाले, बुडाशी आतून मूठ धरून हळूहळू बाहेर दाबत गेले तसा तिचा गोल घाट परत आला, आणि ओल्या गवताचा वास घरभर पसरला. टोपलीची चामड्याची मूठ मात्र भिजू देऊ नये. आजही मी ग्राहकासमोर एखादी टोपली अशी ‘उघडून’ दाखवते. त्या पाच मिनिटांत त्यांना जे समजते ते कोणत्याही माहितीपत्रकाने समजत नाही.

माल कुठून आणावा, याचे उत्तर म्हणूनच वजन आणि आकार यांच्यापासून सुरू होते. नेपाळचा लोक्ता कागद नवख्यासाठी उत्तम: हिमालयाच्या उंच भागातल्या झुडपाच्या सालीपासून तो करतात, झुडूप मुळापासून न उपटता छाटले तर काही वर्षांत पुन्हा फुटते, कागद चिवट असतो, कीड सहज लागत नाही, आणि वह्या सपाट असल्याने भाडे कमी पडते. बांगलादेशातील तागाच्या वस्तू सुबक आहेत, पण २०२५ च्या उन्हाळ्यापासून दोन्ही देशांतील निर्बंधांमुळे तिकडचा माल आणणे अवघड झाले, तेव्हा त्या वेळची स्थिती पाहूनच पैसे गुंतवावेत. केनियातील ताबाका गावचे मऊ दगडाचे कोरीव काम मला मनापासून आवडते, तरीही मी ते मोजकेच ठेवते. दगड तो दगडच, वजनाला भारी आणि कडेला ठिसूळ. परदेशी खेळणी आणण्याच्या फंदात पडू नका. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन सक्तीचे आहे, आणि दूरच्या खेड्यातील विणकरणीच्या बाहुलीसाठी ते मिळवणे लहान दुकानदाराच्या आवाक्यातले नाही. खेळणी हवीच असतील तर चन्नपट्टणची किंवा सावंतवाडीची घ्यावीत.

थेट आयात करायची तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो, सीमाशुल्काच्या कामासाठी दलाल नेमावा लागतो, आणि गवत, लाकूड यांसारख्या मालाला वनस्पती संगरोधाची (बाहेरची कीड-रोगराई येऊ नये म्हणून होणारी) तपासणी आणि धुरी दिल्याचा दाखला लागू शकतो. पहिली दोन वर्षे हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे आधीच आयात करतात आणि कारागीर गटांची नावे, गावे व आगाऊ रकमेची कागदपत्रे दाखवायला तयार असतात, त्यांच्याकडून थोडा माल घ्यावा. कागदपत्रांऐवजी केवळ हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवणाऱ्यापासून दूर राहावे. एक फरकही लक्षात ठेवावा: कॉफी, कोको, कापूस यांच्यावर दिसणारा फेअरट्रेडचा शिक्का त्या पिकासाठी असतो, तर जागतिक फेअर ट्रेड संघटना एखाद्या संस्थेचा सगळा कारभार तपासून तिला मान्यता देते, हस्तकलेत बहुधा ही दुसरी मान्यता भेटते. आपण स्वतः सदस्य नसाल तर दुकानावर तो शिक्का लावू नका. ‘आम्ही असे पैसे देतो’ एवढे खरे लिहिले तरी पुरते.

मी ते अक्षरशः लिहिते. समजा, एक वही कारागीर गटाला १८० रुपये देऊन घेतली. वाहतूक, कर आणि मोडतोड धरून ती मला २४० ला पडली. दुकानाचे भाडे, मदतनीस मुलीचा पगार आणि माझा नफा मिळून तिची किंमत ४३० होते. हे तीनही आकडे मी वहीशेजारच्या पाटीवर ठेवते. सुरुवातीला लोकांनी वेड्यात काढले, कारण नफा उघड केला की ग्राहक घासाघीस करणारच असे सगळ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात घासाघीस कमी झाली. १८० कोणाचे आहेत हे समोर दिसत असताना ‘तीनशेला द्या’ म्हणणे माणसाला जड जाते.

आता जी चूक मला महागात पडली ती सांगते. तिसऱ्या वर्षी एका कंपनीने दिवाळीच्या भेटींसाठी ३०० नगांची तोंडी ऑर्डर दिली, मी त्या भरवशावर नेपाळच्या गटाला निम्मी रक्कम पाठवली, आणि दिवाळीला तीन आठवडे असताना कंपनीने आकडा १२० वर आणला. मी करार लिहून घेतला नव्हता. गटाने काम पुरे करत आणले होते आणि त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता, म्हणून सगळा माल घेतला, उरलेली निम्मी रक्कम चुकती केली, आणि तो विकायला मला पुढची दिवाळी उजाडली. त्या वर्षी माझ्या हाती काहीच उरले नाही. पण त्याच गटाने पुढच्या वर्षी गर्दीच्या दिवसांत माझी ऑर्डर इतरांच्या आधी हाती घेतली. आता संस्थांकडून मी ६० टक्के आगाऊ घेतल्याशिवाय पुढे हलत नाही. जो खरेदीदार मला आगाऊ देत नाही, त्याच्यासाठी मी कारागिराला आगाऊ कुठून देणार?

दुकान चालेल का, या प्रश्नाचे उत्तर: निव्वळ परदेशी मालावर कोल्हापुरात चालणार नाही. माझ्याकडे एक तृतीयांश माल बाहेरचा आणि बाकी आपला, म्हणजे सुभाषनगरच्या चपला, हुपरीची चांदी, कच्छ आणि बस्तरचे काम. ‘आपल्याकडे काय कमी आहे म्हणून घानाची टोपली?’ असे लोक विचारतात, तेव्हा मी टोपली आणि कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार असलेली, चप्पल शेजारी शेजारी ठेवते. दोन्हींतली वीण पाहिली की तो प्रश्न बहुधा आपोआप मिटतो. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले प्रवासी लहान वस्तू घेतात, पण दुकान टिकवतात ते लग्नाच्या भेटी, परिषदांचे सत्कार आणि दिवाळी. १९४६ मध्ये अमेरिकेत एडना रूथ बायलर या बाईंनी पोर्तो रिकोतील स्त्रियांचे भरतकाम गाडीच्या डिकीत घालून ओळखीच्या बायकांना विकायला सुरुवात केली, आणि त्यातूनच पुढे टेन थाउजंड व्हिलेजेस ही मोठी संस्था उभी राहिली. आपणही दुकान भाड्याने घेण्याआधी एक दिवाळी ओळखीच्या घरांतून विक्री करून पाहा.

विकताना गरिबीची कहाणी सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. शाहू महाराजांनी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले आणि मग स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. उपकार करून न थांबता ते गिऱ्हाईक झाले. ग्राहकाने वस्तू चांगली आहे म्हणून घ्यावी. दया वाटून घेतलेली वस्तू तो दुसऱ्यांदा घ्यायला येत नाही, आणि कारागिराची गरज दुसऱ्या ऑर्डरची असते.

राहिला प्रश्न वेळेचा. आपल्या पावसात गवत आणि चामडे दोन्हींना बुरशी येते, म्हणून माल भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवावा आणि उघडीप मिळताच वारा द्यावा. बाहेरच्या मालाची दिवाळीची ऑर्डर मार्चपर्यंत जायला हवी. सुभाषनगरची मात्र मी जूनच्या पहिल्या आठवड्यात देते, कारण पावसात चप्पल कोणी घेत नाही, चामडे वाळत नाही, आणि शाळेच्या फिया नेमक्या तेव्हाच भरायच्या असतात. निम्मी रक्कम त्याच दिवशी पोहोचते. वेण्या घरात बसून पावसात होतात, आणि तळ ऊन पडू लागल्यावर.