वाचकांचे प्रश्न : पिळाचा लीडर घ्यावा का?

प्रश्न (मुलुंड) : एप्रिलमध्ये हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर फ्लाय (नकली माशी) टाकून ब्राउन ट्राउट गरवायला जायचं आहे. पाच नंबरचा (पाच नंबरच्या लाइनचा) रॉड आहे. नेहमीचा निमुळता नायलॉन लीडर, म्हणजे जाड लाइन आणि फ्लाय यांच्यामधला दोरा, रिळावरून काढला की वेटोळी तशीच धरून राहतो. फर्ल्ड, म्हणजे पीळ देऊन वळलेला लीडर घेऊ का? किंमत बघून हात आखडतो.

उत्तर : ड्राय फ्लायने, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या माशीने, गरवणार असाल, तर जरूर घ्या. एकसंध तंगूस (नायलॉनचा दोरा) जाडीच्या मानाने फार ताठ असतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा सोळापट होतो. पिळाच्या लीडरमध्ये बारीक धाग्याचे बरेच पदर असतात, ते एकमेकांवरून थोडे सरकतात, म्हणून तेवढ्याच जाडीत तो लाइनसारखा मऊ राहतो. रिळाची वेटोळी धरत नाही. कास्टचा, म्हणजे फेकीचा, जोर लाइनमधून टोकापर्यंत न अडखळता पोचतो आणि फ्लाय अलगद उतरते. शिवाय तो जरासा ताणतो, त्यामुळे मासा अचानक ओढला तरी टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाला बांधलेला बारीक दोरा, वाचतं.

किमतीचं म्हणाल, तर नेहमीचा लीडर दर वेळी फ्लाय बदलताना टोकाकडून कापला जातो आणि शेवटी जाड भागच उरतो. इथे लीडरला हात लागत नाही, फक्त टिपेट बदलायचं. सहा फुटी लीडर आणि तीन-चार फूट 5एक्स टिपेट (0.15 मिमी) तुमच्या रॉडला पुरे. टोकाला बारीक कडी असलेला मिळाला तर उत्तम, म्हणजे गाठ बांधताना लीडरचं टोक झिजत नाही.

तोटेही ऐका. धाग्याचा लीडर पाणी पितो आणि हवेत फिरवताना तुषार उडवतो. संथ, नितळ डोहात तेवढ्याने ट्राउट बुजतो. वापरण्याआधी लीडर कोरडा करून त्यावर लाइनला लावायचं ग्रीस बोटाने चोळा, टिपेट मात्र कोरडं ठेवा. वजनदार निंफ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) खोल उतरवायची असेल तर हा लीडर काढून ठेवा. जाड आणि तरंगता असल्यामुळे तो प्रवाहाच्या ओढीने निंफला वर उचलतो. तिथे साधा, लांब तंगूसच बरा.

आणि फ्लाय झुडपात अडकली तर रॉडने हिसका मारू नका. ताणलेला लीडर सुटताच उसळी मारून स्वतःभोवती गुंडाळला जातो. जवळ जाऊन टिपेट हातात धरा, तेच तोडा.

प्रश्न (डोंबिवली) : घरी शिवणाच्या पॉलिएस्टर धाग्याचा लीडर वळला. एक लड सरळ राहते आणि दुसरी तिच्याभोवती वेढे घेते. असं का?

उत्तर : दोन लडींचा ताण सारखा नाही. सुंभ वळताना होतं तेच इथे झालंय. सात फुटांच्या फळीवर चुका ठोकून 80 इंचांच्या दोन सारख्या लडी घ्या. प्रत्येकीचे 20 इंचांचे चार टप्पे करा, जाड टोकापासून धाग्याचे अनुक्रमे 5, 4, 3 आणि 2 फेरे. एका फेऱ्याचे दोन पदर होतात. पुढच्या टप्प्याचा धागा मागच्या टप्प्याच्या फासातून ओवून घ्या, म्हणजे टप्पे एकमेकांत अडकतात. मग प्रत्येक लडीला हँड ड्रिलने एकाच दिशेने पीळ भरा. लड दहाएक टक्के आखडली की थांबा, म्हणजे लीडर साधारण सहा फुटांवर येतो. दुसरी लडही तेवढीच आखडली पाहिजे. मोजमाप इंचटेपने करा, ड्रिलच्या फेऱ्यांनी नको, कारण धागा आणि ताण बदलला की फेरे बदलतात. आता दोन्ही टोकं एका हुकात घालून ताण न सोडता उलट्या दिशेने फिरवा, लडी आपोआप एकमेकींत वळतात.

लडींना विरुद्ध दिशांना पीळ दिलात तर त्या एकमेकींत बसणारच नाहीत, पीळ फिटेल. पीळ कमी पडला तर लीडर फुगीर आणि सैल होतो, जास्त झाला तर ढील मिळताच गुचळ्या पडतात. टोकाकडची गाठ बारीकच ठेवा.

प्रश्न (वसई) : खाडीत जिताड्यासाठी हाच लीडर चालेल का?

उत्तर : नको. धाग्यांच्या पदरांत मीठ वाळतं आणि बारीक तंतू आतल्या आत घासले जातात. खडकावरच्या कालवांवर एकदा घासला की संपला. जिताड्याच्या कल्ल्याची धारही काही कमी नाही. टोकाला 40 पौंडी तंगूसाचा फूट-दीड फुटाचा तुकडा बांधा, वर साधाच लीडर ठेवा, आणि घरी आल्यावर लाइनसकट सगळं गोड्या पाण्याने धुवा.