रोमन काळातलं खेडं पहिल्यांदा बघताना

खांब आणि मोझेक शोधत जाऊ नका, नवखे तिथेच निराश होतात. रोमन अमलातही ब्रिटनमधले कितीतरी शेतकरी आपल्या जुन्या पद्धतीच्या घरांतच राहत होते. घर गोल दिसलं की ‘रोमनांच्या आधीचं’ असं लगेच ठरवू नका.

सुरुवात इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या चायसॉस्टर या रोमनकालीन खेड्याच्या अवशेषांपासून करा. एखाद्या घराच्या दारातून आत शिरा आणि चौकात उभे राहा, अगदी आपल्या वाड्यासारखा मधोमध मोकळा चौक! समोर मुख्य गोल खोली, डावीकडे बहुधा गोठा. दाराची दिशा आणि वारा ताडून बघा. मला हे फार आवडतं.

खापराचा तुकडा दिसला तर उचलू नका. संरक्षित जागी परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे. कालमापनाचं नंतर बघू.

पुढची फेरी वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या दिन लिग्वीला, तेही रोमनकालीन वस्तीचे अवशेष.