ब्रिटनमध्ये मोटरवेची (द्रुतगती महामार्गांची) देखभाल आणि रेल्वे विद्युतीकरण यांवर सरकारची एवढी देखरेख असते, तरी खर्च हाताबाहेर कसा जातो?

तुम्ही विचारलंय की आपल्याकडे कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटरवर विजेच्या तारा टाकायला १,२८७ कोटी रुपये लागले. मग ब्रिटनमध्ये नियंत्रक, लेखापरीक्षक असा सगळा फौजफाटा असताना लंडन-कार्डिफ मार्गाचा खर्च तिपटीवर कसा गेला? आणि मोटरवेचंही तसंच आहे का?

मी ब्रिस्टलला राहतो, कामासाठी आठवड्यातून दोनदा लंडनला जातो. परतीच्या गाडीत चिपनमपर्यंत डबा अगदी शांत असतो. ते स्टेशन मागे पडलं की थोड्या वेळात पायाखालून घरघर सुरू होते आणि टेबलावरच्या कॉफीवर बारीक तरंग उठतात. तारा संपल्या, डिझेल इंजिन सुरू झालं. २००९ मध्ये ही योजना जाहीर झाली तेव्हा तारा ब्रिस्टलपर्यंत आणि दुसऱ्या फाट्याने कार्डिफच्याही पुढे थेट स्वान्सीपर्यंत जाणार होत्या.

जानेवारी २०१३ मध्ये नेटवर्क रेलचा, म्हणजे इथले रूळ आणि सिग्नल सांभाळणाऱ्या कंपनीचा, अंदाज होता ८७.४ कोटी पौंड. नोव्हेंबर २०१६ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसचा (सरकारी खर्च तपासणाऱ्या कार्यालयाचा) अहवाल आला तेव्हा आकडा २८० कोटींवर गेला होता. त्याच महिन्यात ब्रिस्टल, बाथ, ऑक्सफर्डकडचे तुकडे पुढे ढकलले गेले आणि जुलै २०१७ मध्ये कार्डिफ-स्वान्सी रद्दच झालं.

आता देखरेखीचं. ही रचना तुम्हाला ओळखीची वाटेल, कारण आपण ती इथूनच उचलली आहे. इथल्या ऑडिट ऑफिसच्या प्रमुखाचं पदनामही कम्प्ट्रोलर अँड ऑडिटर जनरल, म्हणजे आपलं कॅगच. त्याचा अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीपुढे जातो आणि अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो, तेही आपल्यासारखंच. याखेरीज ऑफिस ऑफ रेल अँड रोड, सगळे ओआरआर म्हणतात, हा कायमस्वरूपी नियंत्रक. तो दंडही करतो: २०१४ मध्ये गाड्या वेळेवर न धावल्याबद्दल नेटवर्क रेलला ५.३१ कोटी पौंड भरावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेटवर्क रेल सरकारी संस्था म्हणून सरकारच्या हिशेबात धरली गेली. तेव्हापासून असा दंड म्हणजे या खिशातून काढून त्या खिशात, असं माझं मत.

यात डोळ्यांवर पट्टी कुणाच्याच नव्हती. अडचण अशी की प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला. वाहतूक खात्याने २०१२ मध्येच हिताचीच्या गाड्यांचा करार करून टाकला, तेव्हा तारांचा आराखडा कागदावरसुद्धा पुरता उतरला नव्हता. गाड्या, तारा, स्टेशनं, सिग्नल हे सगळं एकत्र धरून केलेला पहिला हिशेब मार्च २०१५ चा. म्हणजे गाड्या मागवून दोन वर्षं उलटली होती आणि खांब रोवायला घेऊन एक. मुलीला साखरपुड्याचा शालू घेऊन झाला, हॉल बुक झाला आणि मग घरच्यांनी बजेट काढायला वही उघडली, तसला प्रकार. तारांना उशीर झाल्यामुळे खात्यावर ३३ कोटी पौंडांपर्यंतचा जादा बोजा येईल, असं ऑडिटवाल्यांनी लिहिलं. तारांच्या भरवशावर मागवलेल्या विजेच्या गाड्यांना मग डिझेल इंजिनं बसवावी लागली. माझ्या सीटखाली घरघरतं ते हेच.

प्रत्यक्ष रुळाकडेला काय झालं तेही ऐका. पाया ठोकायला स्विंडनला तळ असलेली एक खास लांबलचक यंत्रगाडी आणली होती. रात्री दोन-चार तास मार्ग मिळाला की तिने भराभर खांबांचे पाये ठोकत जायचं. पण जुन्या सिग्नलच्या केबल जमिनीत कुठून जातात याच्या नोंदीच धड नव्हत्या. पाया केबलवर बसला की काम थांबलं आणि सकाळच्या गाड्याही अडकल्या. त्यात डिझाईन नवं, पायेही काही ठिकाणी गरजेपेक्षा खोल. याच्या मुळाशी आणखी एक कारण आहे, ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. १९९१ मध्ये एडिंबरापर्यंत तारा पोचल्यावर या देशात पुढची वीसेक वर्षं असं मोठं काम जवळपास निघालंच नाही. जाणते लोक निवृत्त झाले, हातातली कला गेली, आणि मग एकदम चार ठिकाणी कामं काढली. कोकण रेल्वेशी तुलना करताना हे धरा. तिथे बहुतेक एकेरी मार्ग, इथे लंडनपासून डिडकॉटपर्यंत शेजारी-शेजारी चार मार्ग. मजुरीचा फरक तर वेगळाच. पण भारतात विद्युतीकरण वर्षानुवर्षं सलग चाललं होतं, माणसं सरावलेली होती, ही गोष्ट पैशात मोजता येत नाही.

मोटरवेचं चित्र जरा वेगळं आहे. १ एप्रिल २०१५ ला सरकारी खात्याची हायवेज इंग्लंड ही कंपनी झाली (२०२१ पासून नॅशनल हायवेज) आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम त्याच ओआरआरकडे आलं. पहिल्या पाच वर्षांची उद्दिष्टं आकड्यांत होती: ९७ टक्के लेन खुल्या, मोटरवेवरचे ८५ टक्के अपघात-खोळंबे तासाभरात मोकळे, ९५ टक्के पृष्ठभाग चांगल्या स्थितीत. मोजायला सोपं आहे, म्हणून दर वर्षी मोजलंही जातं. मात्र चालकाला ज्याची धास्ती असते ते अशा टक्केवारीत सापडत नाही. अनेक स्मार्ट मोटरवेवर, म्हणजे जिथे वाहतुकीचं नियंत्रण यंत्रणेने होतं अशा रस्त्यांवर, कडेची मोकळी पट्टीच काढून टाकली आणि बंद पडलेली गाडी रडारने पकडू म्हणाले. डिसेंबर २०२२ मध्ये ओआरआरने तपासून जाहीर सांगितलं की हे रडार ठरलेल्या निकषांत बसत नाही. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने नवे स्मार्ट मोटरवे बांधणंच रद्द केलं. नियंत्रकाने बोट ठेवलं ते बरं झालं, पण तोवर लोक त्याच रस्त्यांवरून जात-येत होते, मीसुद्धा.

एक गोष्ट नवीन आलेल्यांना माहीत नसते. ही सगळी देखरेख इंग्लंडमधल्या जेमतेम दोन टक्के रस्त्यांवर आहे, मोटरवे आणि मोठे ए-रोड (मुख्य रस्ते). बाकीचे रस्ते काउन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे, तिथे ओआरआर नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या अशाच एका रस्त्यावर माझं टायर फाटलं. भरपाई मागितली, तर उत्तर आलं की रस्त्याची तपासणी ठरल्या वेळी झाली होती आणि खड्ड्याची तक्रार आधी कुणी केलेली नव्हती. १९८० च्या हायवेज अॅक्टच्या ५८ व्या कलमाने त्यांना तेवढी सूट आहे. टायरचे पैसे गेले. आता खड्डा दिसला की आधी गाडी बाजूला लावतो, फोटो काढतो आणि कळवून टाकतो. पुढच्या माणसाचं टायर फाटलं तर निदान नोंद तरी सापडेल.